सहा पेन्सचं पुस्तक

लंडनच्या गिल्डहॉलमध्ये १८ डिसेंबर १७९२ रोजी टॉमस पेन या लेखकावर राजद्रोही लेखनाचा खटला चालला. आरोपी हजर नव्हता. सप्टेंबरातच तो डोव्हरहून फ्रान्सला निघून गेला होता आणि तिथल्या क्रांतिकारी कन्व्हेन्शनचा, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभेचा, सभासद झाला होता. त्याच्या वतीने टॉमस अर्स्किन हा त्या काळातला नाणावलेला वकील जवळजवळ चार तास बोलला. सरकार पक्षाने उत्तर द्यायच्या आत ज्युरीच्या प्रमुखाने सांगितलं, उत्तराची आम्हाला गरज नाही. पेन दोषी ठरला.

खटला पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन', म्हणजे 'माणसाचे हक्क', या पुस्तकाच्या दुसऱ्या भागावर होता. पहिला भाग १७९१ सालीच बाहेर पडला होता. राजेशाहीवर, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या सत्तेवर त्यातही कडक टीका होती. मग तेव्हा खटला का भरला नाही? याचं उत्तर अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, आर्चिबाल्ड मॅक्डॉनल्ड यांनीच कोर्टात देऊन ठेवलं आहे. पहिला भाग त्यांनाही आक्षेपार्ह वाटला होता. पण तो जाणत्या, विचारी वाचकांपुरताच राहील, आणि असा वाचक वाचता वाचता त्याचं खंडनही करील, असं समजून त्यांनी तो सोडून दिला. दुसरा भाग मात्र लहानमोठ्या सगळ्या आकारांत छापून हरतऱ्हेच्या माणसांच्या हातात कोंबला जात होता. मुलांच्या मिठाईच्या पुड्यासुद्धा त्याच्या पानांत बांधल्या जात होत्या.

ही मिठाईची पुडी माझ्या मनातून जात नाही. मी इंग्रजी साहित्य शिकवते. साहित्य आणि राजकीय उलथापालथ यांचं नातं काय, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात 'पार्श्वभूमी' नावाच्या दोन पानांत उरकला जातो. फ्रेंच राज्यक्रांती झाली, मग रोमँटिक कवी आले, असं. जणू क्रांती म्हणजे रंगमंचामागचा पडदा, आणि कविता त्याच्यापुढे आपली आपण उभी. पण त्या अॅटर्नी जनरलच्या बोलण्यात खरी गोष्ट दिसते. त्याला पेनचा विचार खटकत होताच, पण त्याहून जास्त खटकत होते त्या विचाराचे वाचक. पुस्तक कुणाच्या हाती पडतं, कितीला पडतं आणि कोणत्या भाषेत पडतं, यावरून १७९० ते १८२० या तीस वर्षांत इंग्लंडमध्ये जे भांडण पेटलं, त्या भांडणातून इंग्रजी गद्य आणि कविता दोन्ही घडली, असं मला वाटतं.

पहिल्या भागाची किंमत होती तीन शिलिंग. तेव्हाच्या शेतमजुराला आठवड्याला आठ-नऊ शिलिंग मिळत. आठवड्याच्या मजुरीचा तिसरा हिस्सा पुस्तकावर घालणारा मजूर कुठून सापडणार? पण १७९२ मध्ये सहा पेन्सची आवृत्ती निघाली, म्हणजे (शिलिंगाचे पेन्स बारा) किंमत एकदम सहाव्या हिश्श्यावर आली. वाचनमंडळांनी, कारागिरांच्या संघटनांनी ती गावोगाव नेली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली. त्याच्या पुढच्याच वर्षी विल्यम गॉडविनचा राज्यसंस्थेवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. विचाराने तो पेनच्याही पुष्कळ पुढे होता. सरकार नावाची चीजच नको, इथपर्यंत तो जातो. त्याच्यावर खटला झाला नाही. ज्यांच्याजवळ खर्चायला तीन शिलिंग नाहीत त्यांचं तीन गिनींचं (एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग) पुस्तक काय नुकसान करणार, असं पंतप्रधान पिट म्हणाले होते, अशी आठवण गॉडविनच्या मुलीने, मेरी शेलीने, नोंदवली आहे.

किंमत हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाषेचा. पेनचं पुस्तक एडमंड बर्कच्या पुस्तकाला उत्तर म्हणून लिहिलेलं होतं. बर्कने नोव्हेंबर १७९० मध्ये फ्रान्समधल्या क्रांतीवर जे लिहिलं त्याचं गद्य आजही वाचताना थक्क करतं. लांब, झुलती वाक्यं. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यावरचा तो परिच्छेद, जिच्याकडे कुणी वाकड्या नजरेने नुसतं पाहिलं असतं तरी दहा हजार तलवारी म्यानातून बाहेर पडायला हव्या होत्या, असं तो म्हणतो. त्याच पुस्तकात त्याने असंही लिहिलं की जुनी व्यवस्था गेली तर विद्या डुकरांच्या झुंडीच्या खुरांखाली तुडवली जाईल. पेनने उत्तर दिलं ते एका ओळीत: हा गृहस्थ पिसांची कीव करतो आणि मरणाऱ्या पक्ष्याला विसरतो.

या दोन गद्यांतलं अंतर पाहिलं की काय चाललं होतं ते कळतं. बर्क शिकलेला, पार्लमेंटात गाजलेला वक्ता. पेन थेटफर्डच्या कॉर्सेट शिवणाऱ्याचा मुलगा, स्वतः तोच धंदा केलेला, पुढे जकात खात्यातून काढून टाकलेला. लॅटिनचा आधार न घेता, बायबल आणि बाजार यांतून आलेल्या शब्दांत राज्यघटनेबद्दल लिहिता येतं, हे त्याने करून दाखवलं. त्याआधी असं समजलं जाई की राज्यकारभारावर बोलायचं तर ठरावीक भारदस्त भाषा हवी, आणि ती नसेल तर बोलणाऱ्याला त्यातलं काही कळतच नसणार. १७९३ मध्ये शेफील्डच्या लोकांनी मताधिकार मागणारा अर्ज पार्लमेंटात पाठवला. त्याची भाषा सभागृहाचा मान न राखणारी आहे, असं म्हणून तो दाखलच करून घेतला नाही. मागणीवर बोलणं पुढची गोष्ट. आधी बोलायची रीत येत नाही म्हणून दार बंद.

पेनविरुद्ध देशभर रान उठवलं गेलं. १७९२-९३ च्या हिवाळ्यात गावोगाव त्याचे पुतळे जाळले. काही राजनिष्ठ मंडळींनी बुटांच्या तळव्यांना त्याच्या आद्याक्षरांचे खिळे ठोकून घेतले, चालताना त्याला पायाखाली घेता यावं म्हणून. एखाद्या लेखकाचा इतका राग येतो तेव्हा त्याचं लिखाण किती खोल पोचलं असेल, याचा अंदाज येतो.

बर्कच्या त्या डुकरांच्या झुंडीला मात्र अस्सल जबाब मिळाला. टॉमस स्पेन्स नावाच्या गरीब शाळामास्तराने, जो लंडनमध्ये पुस्तकांची टपरी चालवायचा, १७९३ मध्ये एक पेनीचं साप्ताहिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पिग्ज मीट', डुकरांचं खाणं. त्यात तो मोठमोठ्या ग्रंथकारांच्या पुस्तकांतले स्वातंत्र्यावरचे उतारे देत असे. ज्या विद्येला डुकरं तुडवतील असं बर्क म्हणाला होता, तीच विद्या तुकड्या-तुकड्यांनी पेनीला एक अशी विकली जात होती. त्याचाच समकालीन प्रकाशक डॅनियल आयझॅक ईटन. त्याच्या साप्ताहिकात एक गोष्ट छापून आली, जॉन थेलवॉल या वक्त्याने सांगितलेली. एका शेतकऱ्याकडे एक मस्तवाल कोंबडा होता. बाकीच्या कोंबड्यांना तो दाणा खाऊ देईना, म्हणून शेतकऱ्याने त्याचं मुंडकं उडवलं. बस, एवढीच गोष्ट. ईटनला अटक झाली.

आता सरकारी आरोपपत्रात काय लिहिणार? कोंबड्याच्या उल्लेखाला लागूनच त्यांना खुलासा द्यावा लागला: 'म्हणजे आपले राजेसाहेब'. ईटनच्या वकिलाने कोर्टात हेच उचलून धरलं. माझ्या अशिलाने तर एका दुष्ट कोंबड्याची गोष्ट छापली. तो कोंबडा म्हणजे राजा, हे सरकारी वकील म्हणताहेत. राजाची बदनामी कुणी केली? फेब्रुवारी १७९४ मध्ये ज्युरीने ईटनला सोडून दिलं. त्याने आपल्या दुकानाचं नाव 'कॉक अँड स्वाइन' ठेवलं, कोंबडा आणि डुक्कर. गोष्ट सांगण्याची ही जुनी, इसापाइतकी जुनी रीत त्या वर्षी अशी कोर्टात कामी आली. उघड बोललं की तुरुंग असतो तेव्हा लोक जनावरांच्या तोंडून बोलतात. सगळीकडे आणि सगळ्या काळात.

वर्डस्वर्थवर मी थोडक्यातच लिहिणार आहे, कारण त्याच्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. पण एक मुद्दा सोडवत नाही. आपल्याकडे शाळेत तो भेटतो फुलांचा आणि डोंगरांचा कवी म्हणून. क्रांतीच्या ऐन भरात, १७९१-९२ मध्ये, हा फ्रान्समध्ये होता. तिथे त्याला मुलगी झाली. परत आल्यावर १७९७ मध्ये तो आणि त्याचा कविमित्र कोलरिज सॉमरसेटमध्ये राहत होते, तेव्हा दोन अनोळखी माणसं वह्या घेऊन नदीकाठाने फिरतात, काहीतरी लिहून घेतात, फ्रेंचांचे हेर असावेत, अशा कागाळ्या गृहखात्याकडे गेल्या आणि सरकारने खरोखरच एक गुप्तहेर तिकडे पाठवला. पुढच्याच वर्षी त्या दोघांचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह निघाला. त्यात भिकारी, वेड लागलेली आई, म्हातारा शिकारी, मूल गमावलेली बाई ही माणसं आहेत, आणि १८०० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत वर्डस्वर्थ सांगतो की मी माणसं खरोखर जी भाषा बोलतात ती निवडली. वर्गात हे वाक्य आम्ही काव्यशास्त्रातला सिद्धान्त म्हणून पाठ करून घेतो. पण सात वर्षांपूर्वी शेफील्डचा अर्ज भाषेपायी परत पाठवला गेला होता, हे माहीत असलं की तेच वाक्य किती धीट होतं ते समजतं. निबंधकार विल्यम हॅझलिटला ते समजलं होतं. वर्डस्वर्थची प्रतिभा सगळ्यांना एका पातळीवर आणणारी आहे आणि ती त्या काळाच्या राजकारणातूनच आली आहे, असं त्याने १८२५ मध्ये स्पष्ट लिहिलं. तोवर वर्डस्वर्थ बदलला होता. १८१३ मध्ये त्याने मुद्रांक वाटपाची सरकारी जागा घेतली आणि पुढे जुन्या व्यवस्थेच्या बाजूने प्रचारही केला. याचं मला अजून वाईट वाटतं. पण कविता लिहून झाली की ती कवीच्या मताबरोबर फिरत नाही. साध्या माणसाची भाषा कवितेत आली ती आलीच.

आता ज्या माणसासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येते. विल्यम होन. इंग्रजी साहित्याच्या इतिहासात त्याला एखादी ओळ मिळते, कधी तीही नाही. लंडनमधला एक कर्जबाजारी पुस्तकविक्या, घरात पुष्कळ मुलं, धंदे बुडालेले. १८१७ च्या सुरुवातीला त्याने तीन छोटी पत्रकं छापून अगदी स्वस्तात विकली. चर्चमध्ये लहानपणापासून पाठ करून घेतलेली प्रश्नोत्तरं, प्रार्थना आणि श्रद्धावचन यांच्या चालीवर त्याने मंत्र्यांची, पगारखाऊ सरदारांची स्तुती रचली होती. निरक्षर माणसालाही ती चाल तोंडपाठ होती, त्यामुळे एकदा ऐकलं की लक्षात राही. नेपोलियनशी चाललेली युद्धं संपली होती, सैनिक घरी परतून बेकार झाले होते, धान्य महागलं होतं आणि त्या मार्चमध्ये सरकारने हेबियस कॉर्पसच, म्हणजे विनाचौकशी कोंडून ठेवण्याविरुद्धचं कायद्याचं संरक्षणच, स्थगित केलं होतं. होनने गडबड होणार हे पाहून फेब्रुवारीतच पत्रकं मागे घेतली होती. तरी त्याला मे महिन्यात अटक झाली. आरोप धर्मनिंदेचा.

खटले उभे राहिले तेही गिल्डहॉलमध्येच, १८, १९ आणि २० डिसेंबर १८१७ ला, ओळीने तीन दिवस, तीन पत्रकांवर तीन. पेनला दोषी ठरवल्याला त्या १८ तारखेला बरोबर २५ वर्षं झाली होती.

होनकडे वकील नव्हता. तो झिजलेल्या काळ्या कपड्यांत आला, आणि त्याच्या भावाने जुन्या पुस्तकांचे गठ्ठे आणून कोर्टातल्या मेजावर रचले. त्याचा बचाव एवढाच: धर्मग्रंथांच्या चालीवर विडंबन करणारा मी पहिला नाही. मार्टिन ल्यूथरने केलं आहे, बिशपांनी केलं आहे, आणि आजच्या मंत्रिमंडळातल्या जॉर्ज कॅनिंग यांनीही केलं आहे. त्यांच्यावर खटला नाही, कारण त्यांची थट्टा सरकारच्या बाजूची होती. मग तो एकेक पुस्तक उचलून वाचून दाखवू लागला. लोक हसू लागले. न्यायाधीश दटावू लागले, पण हसू थांबेना. सरकारी वकिलाने आरोप सिद्ध करायला होनची पत्रकं मोठ्याने वाचली तेव्हाही लोक हसले. पहिल्या दिवशी तो सहाएक तास बोलला. ज्युरीने पाव तासाच्या आत निर्दोष म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो प्रकृती बरी नसतानाही स्वतः खुर्चीवर येऊन बसले. हे पत्रक अत्यंत पाखंडी आणि अपवित्र आहे असं माझं ठाम मत आहे, असं त्यांनी ज्युरीला बजावलं. होन सात तास बोलला. निर्दोष. तिसऱ्या दिवशी तो इतका थकला होता की अॅटर्नी जनरलने आपणहून सुनावणी पुढे ढकलायची तयारी दाखवली. होनने नको म्हटलं. तो बोलायला उभा राहिला तेव्हा आवाज बसलेला होता, मग हळूहळू लागला, आणि आठेक तास चालला. पुन्हा निर्दोष. बाहेर हजारोंची गर्दी होती. लोकांनी त्याच्यासाठी तीन हजार पौंडांहून जास्त वर्गणी जमवली. एलनबरो वर्षभरात वारले. त्या तीन दिवसांनीच त्यांना खचवलं, असं लोक बोलत.

हे घडू शकलं त्याला एक कायदाही कारण होता. १७९२ च्या फॉक्सच्या कायद्याने लेखन गुन्हा आहे की नाही हे ठरवायचा अधिकार न्यायाधीशाकडून ज्युरीकडे आला होता. ज्युरी म्हणजे लंडनचे व्यापारी, दुकानदार. प्रार्थनेची चाल त्यांनाही पाठ होती आणि मंत्र्यांचा कारभार त्यांनाही दिसत होता. इथे मला आपल्याकडच्या खटल्याची आठवण येतेच. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या मजकुरासाठी लोकमान्य टिळकांवर मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला तेव्हाही ज्युरी होती, नऊ जणांची. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. राजद्रोहाची कल्पना इंग्रजांनी लंडनहून इथे आणली. लेखकाला त्याच्या शेजारपाजारच्यांनी, त्याची भाषा बोलणाऱ्यांनी तोलावं, ही होनला मिळालेली गोष्ट मात्र टिळकांना मिळाली नाही.

होन सुटला त्याला दोन वर्षं व्हायच्या आत मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर १६ ऑगस्ट १८१९ ला सुमारे साठ हजार माणसं मताधिकार मागायला जमली. बाया, मुलं, बँड, निशाणं, सणाचे कपडे. घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसले. पंधरा ते अठरा माणसं मेली, सहाशेहून जास्त जखमी झाली. चार वर्षांपूर्वीच्या वॉटर्लूच्या लढाईवरून लोकांनी त्याला पीटरलू म्हटलं.

मेरी शेलीचा नवरा, कवी शेली, तेव्हा इटलीत, लिव्होर्नोजवळ होता. बातमी पोचली ५ सप्टेंबरला. त्याच वर्षी तो ग्रीक पुराणकथेवरचं, भल्याभल्या वाचकाला दमवणारं महानाट्य लिहीत होता. ते बाजूला ठेवून त्याने थोड्याच दिवसांत ९१ कडव्यांची 'द मास्क ऑफ अनार्की' लिहिली. छोट्या ओळी, रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या बॅलडचा ठेका, मुलालाही म्हणता यावी अशी यमकं. सुरुवातीलाच वाटेत खून भेटतो आणि त्याने मुखवटा घातलेला असतो परराष्ट्रमंत्री कॅसलरेचा. शेवटी लोकांना हाक: झोपेतून उठणाऱ्या सिंहांसारखे उठा, साखळ्या दवासारख्या झटकून टाका, तुम्ही पुष्कळ आहात आणि ते थोडे. एवढ्या विद्वान कवीने इतकं साधं का लिहिलं, हे उघड आहे. ही कविता त्याला मँचेस्टरच्या विणकरांच्या हातात द्यायची होती.

तिथवर ती पोचली नाही. २३ सप्टेंबरला त्याने ती लंडनला संपादक मित्र ली हंटकडे धाडली. छापली असती तर हंट नक्की तुरुंगात गेला असता, आणि तो आधी एकदा जाऊन आला होता. त्याने ती ठेवून दिली. शेली १८२२ मध्ये बुडून मेला. कविता छापून आली १८३२ मध्ये, मताधिकार सुधारणेचा कायदा झाला त्या वर्षी. मी हंटला दोष देत नाही. पण जिच्यासाठी इंग्रजीतला एक थोर कवी आपली सगळी विद्वत्ता उतरवून ठेवून उभा राहिला, ती कविता ऐन वेळी कुणाच्याही कानावर पडली नाही, ही मला इंग्रजी कवितेतली फार मोठी हानी वाटते.

पीटरलूला छापील उत्तर दिलं ते होननेच. त्या डिसेंबरात त्याने चित्रकार जॉर्ज क्रुकशँकला घेऊन एक शिलिंगाची पुस्तिका काढली. चाल कोणती? 'जॅकने बांधलेलं घर' या बडबडगीताची, ज्यात एकात एक ओळ वाढत जाते. त्यात सरकारी लुटारू येतात, त्यांच्या मागोमाग एक चित्र येतं छापखान्याच्या यंत्राचं: नवे कायदे करा, कर लावा, शिपाई पाठवा, तरी या लुटारूंना मारणारं विष ते हेच. पाळण्यातल्या मुलाचं गाणं राजकारणाच्या कामी आलं आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. सरकारनेही त्याच महिन्यात सहा कायदे केले. त्यांतला एक होता स्वस्त राजकीय नियतकालिकांवरचा. ज्याची किंमत सहा पेन्सच्या आत, त्याने प्रत्येक अंकावर चार पेन्सचा मुद्रांक भरायचा. पेनच्या स्वस्त आवृत्तीची किंमतही सहा पेन्सच होती. गरिबाच्या खिशाची मापं सरकारकडे चोख होती.

रिचर्ड कार्लाईल हा पुस्तकविक्रेता पीटरलूच्या व्यासपीठावर हजर होता. पेनची पुस्तकं पुन्हा छापली म्हणून त्याच वर्षी त्याच्यावर खटला झाला. त्याने बचाव म्हणून पेनचं धर्मचिकित्सेवरचं अख्खं पुस्तक कोर्टात वाचून काढलं, कारण खटल्याचा वृत्तांत छापायला मोकळीक होती. म्हणजे बंदी घातलेलं पुस्तक वृत्तांताच्या पोटातून पुन्हा बाजारात. तो सहा वर्षं डॉर्चेस्टरच्या तुरुंगात राहिला. मागे दुकान बायकोने चालवलं, तिला तुरुंग. बहिणीने चालवलं, तिला तुरुंग. मग देशभरातून माणसं आपणहून येऊन गल्ल्यावर उभी राहू लागली आणि एकेक करून आत जाऊ लागली. शेवटी दुकानात एक तबकडी बसवली. तिच्यावर पुस्तकांची नावं. गिऱ्हाइकाने काटा हव्या त्या नावावर फिरवायचा, पैसे टाकायचे, की भिंतीतल्या फटीतून पुस्तक खाली येई. विकणारा कोण हे गिऱ्हाइकाला दिसत नसे, त्यामुळे साक्ष कुणाविरुद्ध द्यायची हा प्रश्नच उरला.

आणि विल्यम कॉबेट. छोट्या शेतकऱ्याच्या घरातला, सैन्यात साधा शिपाई असताना पहाऱ्यावर उभ्या उभ्या व्याकरण घोकून शिकलेला. तरुणपणी अमेरिकेत त्याने पेनवर घाणेरडी टीका केली होती. मग स्वतः देशोदेशी भोगून त्याचं मत फिरलं, इतकं की १८१९ मध्ये त्याने अमेरिकेतल्या न्यू रोशेलच्या शेतातून पेनची हाडं उकरून इंग्लंडला आणली, भव्य स्मारक करायला. स्मारक झालं नाही. हाडं कुठे गेली कळत नाही. पण कॉबेटचं खरं स्मारक मला वाटतं ते त्याचं व्याकरण. सैनिक, खलाशी, उमेदवार कामगार आणि नांगर धरणारी पोरं यांच्यासाठी, असं त्याने शीर्षकातच सांगितलं आहे. त्यात चुकीच्या वाक्यांची उदाहरणं म्हणून त्याने राजाची भाषणं, मंत्र्यांचे खलिते घेतले आणि एकेक वाक्य सोलून दाखवलं. ज्या लोकांचे अर्ज भाषा येत नाही म्हणून परत जात होते, त्यांना त्याने सांगितलं, या, तुमचे मालक कसं लिहितात ते बघा.

इथून पुण्याचा रस्ता सरळ आहे. १८४७-४८ च्या सुमारास जोतीराव फुले आणि त्यांचे मित्र 'राइट्स ऑफ मॅन' वाचत होते. फुल्यांच्या विचारावर पेनचा परिणाम झाला हे सगळेच सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं दिसतं ते लिहिण्याच्या रीतीत. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजीराजांवर पवाडा रचला. प्रस्तावनेत ते म्हणतात, हा कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावा. लांबच लांब मोठाले संस्कृत शब्द मुळीच घातले नाहीत. माळ्या-कुणब्यांना समजेल अशी सोपी भाषा व्हावी म्हणून फार श्रम केले आणि त्यांना आवडेल अशी चाल घेतली. फार श्रम! सोपं लिहायला श्रम लागतात आणि ते कुणासाठी घ्यायचे हे आधी ठरवावं लागतं, हे शेलीला त्या ९१ कडव्यांत कळलं होतं, होनला बडबडगीतात कळलं होतं. जोतीरावांनी शेलीची ती कविता वाचली होती, असं मी म्हणत नाही. पण पेनने उघडलेल्या दारातून ते आत आले, आणि डफाच्या तालावर आपलं म्हणणं मांडलं. त्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चे पहिले काही भागच तेव्हा छापून आले. अख्खं पुस्तक त्यांच्या हयातीत वाचकांपर्यंत गेलं नाही. तोही हंटच्या कपाटातल्या कवितेचाच प्रकार.

यंदा मी पीटरलूची कविता आणि फुल्यांचा पवाडा एकाच आठवड्यात वर्गात घेतले, अभ्यासक्रमात नसताना. माझ्या वर्गात दोन मुलं शाहिरी करणाऱ्या घरांतली आहेत. त्यांनी शेलीची कडवी पवाड्याच्या चालीवर मराठीत बांधायला घेतली आहेत. घोडेस्वार गर्दीत घुसतात तो भाग त्यांना चांगला जमला आहे, आणि 'तुम्ही पुष्कळ, ते थोडे' ही ओळ तर डफावर इंग्रजीपेक्षाही जोरात वाजते. अडलंय ते सुरुवातीलाच. कॅसलरे हे नाव ठेक्यात कसं बसवायचं यावर दोघांचं अजून पटत नाही, आणि एकाचं म्हणणं आहे की नाव काढूनच टाकावं. मी त्याला सांगितलंय, काहीही काढ, पण नाव काढू नकोस.